चाकूची किंमत आणि चाकूचें मोल

आमच्या आजोबांच्या कलमदानांत एक मिटता चाकू असे. मूठ सांबरशिंगाची, पातीं दोन, आणि मोठ्या पात्याच्या बुडाशीं एक तारा व एक माल्टी क्रूस अशी खूण. या चाकूनें ते बोरू तासीत. शाळेंत असतां आम्हींही बाजारांतून तसाच दिसणारा एक चाकू अगदीं थोड्या पैशांत आणला होता. त्यावरही विलायती अक्षरें कोरलेलीं होतीं. चार पेन्सिली तासतांच त्याची धार वळली, आणि पावसाळा संपण्यापूर्वींच पातें मुठींत डगमगूं लागलें. आजोबांनीं तो हातांत घेतला व एवढेंच म्हटलें, "याला पाणीच नाहीं." त्यांचा स्वतःचा चाकू आज आमच्या टेबलावर आहे व अजून कापतो. या दोहोंतील अंतर केवळ पैशाचें होतें काय, हा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मनांत राहिला.

आजोबांच्या चाकूवरील खूण इंग्लंडांतील शेफील्ड येथील जोसेफ रॉजर्स यांच्या पेढीची. ती 1764 मध्यें तेथील चाकू करणाऱ्यांच्या संघाकडून मिळालेली होती. आणि हा संघ 1624 सालच्या पार्लमेंटच्या कायद्यानें स्थापन झालेला. शेफील्डच्या ओढ्यांवर पाणचक्क्या चालत व धारेच्या चाकांस लागणारा वालुकाश्म आसपासच्या टेंकड्यांत मिळे. चौदाव्या शतकांतच त्या गांवचें नांव इतकें झालें होतें कीं, चौसर कवीनें आपल्या एका कथेंतील गिरणीवाल्याच्या मोज्यांत शेफील्डचाच चाकू खोंवलेला दाखविला आहे. धार पोलादाची असावी हें पाहणें, आणि प्रत्येक कारागिरास त्याची खूण नेमून देऊन ती दुसऱ्यास वापरूं न देणें, हीं संघाचीं मुख्य कामें. गिऱ्हाइकास पोलाद ओळखतां येत नाहीं, खूण ओळखतां येते. म्हणून खुणेची राखण म्हणजे गिऱ्हाइकाचीच राखण होती.

पोलाद ओळखणें खरोखरच कठीण आहे. पातें लाल तापवून एकदम थंड केलें कीं तें कडक होतें, परंतु कांचेसारखें ठिसूळही होतें. मग त्यास पुनः बेताचा ताप देऊन त्या कडकपणांतील थोडा अंश काढून घ्यावा लागतो. ताप कमी पडला तर धार तुटते, अधिक झाला तर वळते. आपले लोहार पात्यास पाणी देणें म्हणतात तें हेंच काम. मिटत्या चाकूंत याखेरीज कमानीचें काम असतें. मुठीच्या पाठींत बसविलेली पोलादी कमान पात्याच्या बुडास दाबून धरते. पातें उघडतांना व मिटतांना "टक्" असा स्वच्छ आवाज यावा, उघडलेलें पातें डुलूं नये, कमान व बाजूचे पत्रे यांच्यामधून उजेड दिसूं नये, ही चांगल्या चाकूची परीक्षा. ही जुळणी कानसीनें एकेका चाकूपुरती हातानें करावी लागे.

पोलाद सुधारण्याची खटपटही लहान नव्हे. घड्याळाच्या कमानीस निर्दोष पोलाद मिळावें म्हणून बेंजामिन हंट्समन या घड्याळजीनें 1740 च्या सुमारास मुशींत पोलाद वितळविण्याची रीत शोधून ती शेफील्डजवळ चालू केली. आपल्या देशांत मुशीचें पोलाद त्यापूर्वीं कित्येक शतकें होत होतें. डॉ. हेलेनस स्कॉट यांनीं मुंबईहून पाठविलेल्या अशा 'वूट्झ' पोलादावर डॉ. जॉर्ज पिअर्सन यांचा निबंध 1795 मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें आला. तेथील जेम्स स्टोडार्ट या चाकू करणाऱ्यानें या पोलादाचीं पातीं करून पाहिलीं, आणि पुढें 1820 मध्यें मायकेल फॅरडे यांच्यासह पोलादाच्या मिश्रणांवरील प्रयोग प्रसिद्ध केले.

अशा चाकूस अधिक पैसे पडतात ते तीन गोष्टींचे: पोलादाचे, हातकामाचे आणि शोभेचे. पहिल्या दोहोंचे पैसे वापरतांना परत मिळतात. तिसऱ्याचे मिळत नाहींत, कारण शिंपेची किंवा हस्तिदंताची मूठ कापण्याच्या कामीं कांहींच मदत करीत नाहीं. रॉजर्स यांच्याच पेढीनें 1822 मध्यें 1822 पात्यांचा एक चाकू तयार केला. कारागिरीचा तो विलक्षण नमुना खरा. पण त्यानें पेन्सिल तासावी असें कोणाच्या मनांत येणार नाहीं. तेव्हां महागाई ही गुणाची खात्री नव्हे.

मग स्वस्तपणा हा दोषाचा पुरावा मानावा काय? येथें इतिहास आपणांस दोन प्रकारचे स्वस्त चाकू दाखवितो. पहिला प्रकार सोंगाचा. बिडाचें ओतीव पातें घांसून चकचकीत केलें म्हणजे दुकानांत तें घडीव पोलादासारखेंच दिसतें. म्हणून 1819 च्या कायद्यानें हातोड्याची खूण घडीव मालापुरती राखून ठेविली, ओतीव मालावर ती उठविणें गुन्हा ठरविलें, आणि इतरत्र झालेल्या मालावर लंडनचें नांव घालण्याचीही मनाई केली. पुढें जर्मनींतून 'शेफील्ड' असें कोरलेले स्वस्त चाकू येऊं लागले. त्या व तशा तक्रारींवरून 1887 चा व्यापारी खुणांचा कायदा झाला. गंमत अशी कीं, जर्मनींतील सोलिंगेन गांवाची स्वतःची कीर्ति वाढल्यावर त्यालाही आपलें नांव राखण्यासाठीं 1938 मध्यें कायदा करून घ्यावा लागला. दिसतें तसें नसतें म्हणून जग फसतें, ही म्हण या बाजारास तंतोतंत लागू पडते.

दुसरा प्रकार सरळपणाचा. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतांत जोसेफ ओपिनेल यानें 1890 च्या सुमारास शेतकऱ्यांसाठीं एक चाकू केला. लांकडाची गोल मूठ, तींत करवतीनें पाडलेली खांच, पोलादाचें पातें, एक खिळा आणि एक धातूचें कडें, बस्स. जी कमान बसविण्यास खरी कुशलता व खरा पैसा लागतो ती त्यानें वाईट करून घातली नाहीं, अजीबात गाळली. पातें लांकडाच्या घट्टपणानेंच जागीं राही. तें उघडें असतां अडकवून ठेवणारें फिरतें कडें 1955 मध्यें आलें. एका माजी विद्यार्थ्यानें आणून दिलेला असा एक चाकू आमच्याजवळ आहे. पावसाळ्यांत मूठ फुगते व पातें उघडतांना नख दुखतें, हें खरें. पण धारेंत तो आजोबांच्या चाकूस हार जात नाहीं. जेथें काटकसर केली तेथें ती उघड दिसते, आणि जेथें करूं नये तेथें केलेली नाहीं.

एका खर्चाचा उल्लेख केल्याशिवाय मात्र हा हिशेब पुरा होत नाहीं. शेफील्डांत चाकावर धार लावणाऱ्यांच्या फुप्फुसांत दगडाची व पोलादाची धूळ जाई. तेथील डॉ. नाइट यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत लिहून ठेविलें आहे कीं, कोरड्या चाकावर काम करणारे सरासरीनें जेमतेम पस्तिसाव्या वर्षापर्यंत जगत, आणि ओल्या चाकावरचे पंचेचाळिशी क्वचितच ओलांडीत. हस्तिदंती मुठीचा चाकू असो कीं हलका असो, धूळ तीच होती. ती कोणत्याही चाकूच्या किंमतींत धरलेली नव्हती. आणि अशा वस्तूंकडे अभिमानानें पाहतांना आम्हांस ती विसरणें योग्य वाटत नाहीं.

आजोबांच्या चाकूचें मोठें पातें निसण्यावर झिजून आतां निम्में राहिलें आहे. त्याची मूळ किंमत काय होती हें घरांत कोणास ठाऊक नाहीं. शाळेंतल्या चाकूची किंमत मात्र आम्हांस अजून आठवते, कारण ती फुकट गेली. स्वस्त घ्यावें कीं महाग, हें ज्याच्या त्याच्या ऐपतीवर आहे. वस्तूनें अंगावर घेतलेलें नांव तिचें स्वतःचें आहे कीं उसनें, एवढें मात्र घेणारानें अवश्य पाहावें.