पाठीचा डिंक

वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत माझी अशी ठाम समजूत होती की, दादर हे एक स्वतंत्र राष्ट्र असून त्याची स्वतःची पोस्टाची तिकिटं आहेत.

ही समजूत अगदीच हवेतली नव्हती. पश्चिम रेल्वेच्या दप्तरात दादरचं संक्षिप्त नाव डीडीआर. आमच्या चाळीतले अण्णा आर.एम.एस.मध्ये सॉर्टर होते. धावत्या गाडीत रात्रभर उभं राहून पत्रं निवडायची आणि दिवसा चाळीतल्या पोरांना वळण लावायचं, असा त्यांचा दुहेरी कार्यक्रम असे. त्यांनी आमच्याकडून स्टेशनांची ही संक्षिप्त नावं पाढ्यांसारखी पाठ करून घेतली होती. तेव्हा कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या 'रुपयात पंचवीस' पाकिटातून एक तिकीट निघालं, त्यावर इंग्रजीत डीडीआर असं छापलेलं होतं आणि मागे कारखान्यांची धुराडी होती. धुराडी म्हणजे गिरण्या. शंकेला जागाच उरली नाही. मी ते तिकीट घेऊन धावतच अण्णांकडे गेलो.

"अरे गाढवा," अण्णा म्हणाले, "हा जर्मनीचा अर्धा तुकडा. पूर्वेकडचा. समाजवादी."

मग त्यांनी तिकीट उलटं केलं, बोट जिभेला लावून पाठीवरून फिरवलं आणि त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. रजिस्टर्ड पत्र फोडलेलं सापडावं तसा.

"पाठीला डिंक आहे."

"मग?"

"मग काय मग! पोटावर शिक्का आणि पाठीला डिंक? शिक्का आहे म्हणजे पत्राबरोबर गेलं असलं पाहिजे. डिंक आहे म्हणजे पाकिटाला चिकटलेलंच नाही. हे तिकीट नोकरी न करता पेन्शनीत निघालंय!"

ही १९७३ सालची गोष्ट. अण्णांचं म्हणणं शब्दशः खरं होतं, हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी वाचून कळलं. पूर्व जर्मनी, हंगेरी, रुमानिया, रशिया ही सगळी समाजवादी मंडळी आपली तिकिटं छापत, त्यांवर ठोक भावात शिक्के मारत आणि थेट बाजारात पाठवत. अख्ख्या तावावर शिक्का असा बेतानं बसवायचा की, चार तिकिटं जिथे एकमेकांना भेटतात तिथे बरोबर मध्ये तो पडावा. म्हणजे एका शिक्क्यात चार कोपरे काळे. तिकीट कुठेही न जाता वापरलेलं होई, सरकारला पत्र पोचवण्याची तोशीस पडत नसे आणि जगभरच्या पोरांच्या खाऊचे पैसे परकीय चलन होऊन तिजोरीत जमा होत. माझे रुपये त्या तिजोरीत किती पोचले ते दुकानदार जाणे, पण एका राष्ट्राच्या उभारणीला मी हातभार लावला आहे, हे मी अजूनही अधूनमधून घरात सांगत असतो.

हे राष्ट्र जन्मलं ७ ऑक्टोबर १९४९ला आणि वारलं ३ ऑक्टोबर १९९०ला. एक्केचाळीस पुरी व्हायला चार दिवस कमी. तेवढ्या आयुष्यात त्यानं तीन हजारांवर तिकिटं काढली. हिशेब केला तर आठवड्याला सरासरी दीड पडतं. लाइपझिगची जत्रा वर्षातून दोनदा भरे, तर तिकिटंही दोनदा. आपल्या स्थापनेची दहा वर्षं झाली, तिकिटं. पंधरा झाली, पुन्हा तिकिटं. प्राणिसंग्रहालयातले प्राणी आले, परीकथांमधले राजपुत्र आले, छळछावण्यांत मारलेल्या माणसांचे चेहरे आले. त्या शेवटच्या तिकिटांवर थोडी जास्त किंमत लावून ते पैसे स्मारकांना दिले, हे मात्र चांगलं केलं.

सोहळ्यांची हौस इतकी दांडगी की भिंतीचासुद्धा वाढदिवस! बर्लिनची भिंत उभी राहिली १३ ऑगस्ट १९६१ला. १९७१ साली तिला दहा वर्षं झाली म्हणून तिकिटं निघाली आणि १९८६ साली पंचवीस झाली म्हणून पुन्हा निघालं. तिकिटावर 'भिंत' हा शब्द नाही. 'फॅसिस्टांपासून संरक्षण करणारा तट', असं भारदस्त नाव आहे. तट बाहेरच्यांना अडवण्यासाठी असतो हे खरं, पण ह्या तटावरच्या पहारेकऱ्यांची तोंडं बहुतेक वेळ आतल्या बाजूला असत.

सरकार म्हटलं की चुका आल्याच. ह्या सरकारची माझी सर्वांत आवडती चूक १९५६ची. रोबर्ट शूमान ह्या संगीतकाराच्या शंभराव्या पुण्यतिथीनिमित्त २० जुलैला दोन तिकिटं काढली. पुढे शूमानचा चेहरा, मागे स्वरलिपी. सगळं झोकात. फक्त स्वरलिपी शूबर्टची होती! म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरांचं तिकीट काढावं आणि मागे तुकारामांचा अभंग छापावा, त्यातला प्रकार. शूमान त्यांच्याच त्स्विकाऊ गावचा, शूबर्ट व्हिएन्नाचा. पण नावं एकाच अक्षरानं सुरू होतात, घाईत होतं असं. ८ ऑक्टोबरला शूमानची स्वतःची स्वरलिपी घालून नवी तिकिटं आली. ऐंशी दिवसांत दुरुस्ती! आमच्या चाळीच्या नळाला तीन वर्षं लागली होती.

आणि समता? तीही होती, एक तिकीट सोडून. पुष्कळ मालिकांमधलं एक तिकीट मुद्दाम कमी छापायचे आणि संग्राहकांच्या संघटनेतल्या सभासदांना कार्डावर मोजून द्यायचे. पश्चिमेकडच्यांनी स्वस्तात उचलून नफा करू नये, हा त्यातला हेतू. सर्वांना सर्व काही सारखं मिळणाऱ्या देशात तिकिटांना रेशनकार्ड होतं, हे वाचून मला त्या देशाबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

हे सगळं पुढे वाचलेलं. त्या वेळी मला एवढंच ठाऊक होतं की, माझ्या वहीत डीडीआरची चौसष्ट तिकिटं आहेत आणि अण्णा त्यांतल्या एकालाही तिकीट म्हणायला तयार नाहीत. "लेबलं आहेत ही. पत्र नेलेलं एक दाखव, मग बोलू."

आणि तसं एक आलं. मुलांच्या एका मासिकात पत्रमैत्रीच्या सदरात माझं नाव, वय, पत्ता आणि 'छंद : तिकिटं' असं छापून आलं होतं. सहा महिन्यांनी लाइपझिगहून एका बारा वर्षांच्या मुलीचं पत्र आलं. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच दिव्य होतं, त्यामुळे आमचं एकमेकांना सगळं समजलं असतं. तिचे वडील छापखान्यात कामाला होते. हिवाळ्यात त्यांच्या खिडकीवर कोळशाची काजळी बसे. नकाशात मुंबई शोधल्यावर तिला ती अगदी पाण्यात दिसली होती. 'तुला समुद्र रोज दिसतो का? मला तो बघायला आवडेल. तोवर तुमच्याकडची तिकिटं पाठव,' असं तिनं लिहिलं होतं. त्या 'तोवर'चा अर्थ कळायचं माझं वय नव्हतं.

माझं लक्ष होतं पाकिटाकडे. वर एक साधं, कुठल्याशा इमारतीचं तिकीट होतं. न राजपुत्र, न हत्ती. पण शिक्का खरा, आडवातिडवा, रागानं मारल्यासारखा. अण्णा घरी नव्हते. ते आले की त्यांच्यापुढे तिकीटच टाकायचं, असं ठरवून मी अख्खं पाकीट बादलीत बुडवलं. अर्ध्या तासात तिकीट अलगद सुटून वर आलं. डिंकाचा पाठीवर मागमूस नाही. मी विजयी मुद्रेनं अण्णांच्या दारात उभा राहिलो.

अण्णांनी बोट फिरवलं, समाधानानं मान डोलावली आणि विचारलं, "उत्तर लिहिलंस का पोरीला?"

मी बादलीकडे धावलो. त्या लोकांची पत्ता पाकिटाच्या पाठीवर लिहायची पद्धत. शाई पाण्यात उतरली होती, बादलीतलं पाणी फिकट निळं झालं होतं. पत्राच्या माथ्यावर फक्त 'लाइपझिग' आणि तारीख. अण्णांनी पाकीट वाळवलं, उजेडात धरलं, आरशात पाहिलं. तीस वर्षं डॉक्टरांच्या अक्षरातले पत्ते लावलेला माणूस, पण त्यांनाही एक अक्षर लागलं नाही.

"लाइपझिग एवढ्यावर पत्र पोचायला ती काय महात्मा गांधी आहे?" ते म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं.

९ नोव्हेंबर १९८९ला भिंत उघडली तेव्हा मी टीव्हीसमोर बसून त्या गर्दीत सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची बाई शोधत होतो. सगळ्याच तशा दिसत होत्या. पुढच्या वर्षी २ ऑक्टोबरला, म्हणजे देश मिटायच्या आदल्या दिवशी, त्यानं शेवटची तिकिटं काढली. त्यांत होता हाइनरिश श्लीमान : जमिनीत गाडलेलं ट्रॉय शोधायला निघालेला माणूस. मला आपलं वाटतं, त्या पोस्टखात्यात एखादा अण्णा असणार.

माझी वही अजून आहे. चौसष्ट लेबलं आणि एक तिकीट. वहीच्या शेवटी एक पाकीटही आहे. तिच्यासाठी म्हणून मी तेव्हा खाऊच्या पैशांतून पोस्टातून दहा कोरी करकरीत तिकिटं आणून त्यात घातली होती. परवा नातवाला दाखवायला म्हणून ते उघडलं, तर एकही बाहेर निघेना. मुंबईचे पन्नास पावसाळे खाऊन पाठीच्या डिंकानं ती सगळी आतल्या आतच चिकटली होती.

नातू म्हणाला, "आजोबा, पाण्यात टाकूया?"

मी म्हटलं, "नको रे बाबा."