जोडीतले दुसरे नाव : शुभा खोटे

१९५५ च्या 'सीमा' या हिंदी चित्रपटात एक तरुणी सायकलवरून पाठलाग करते. त्या काळातील नायिका पडद्यावर सायकल चालवीत असत, पण बहुधा गाणे संपेपर्यंतच. ही तरुणी मात्र जीव तोडून पायडल मारते. ते स्वाभाविकच होते, कारण चित्रपटात येण्यापूर्वी ती पोहणे आणि सायकलिंग या दोन्ही खेळांतील महिला विजेती म्हणून मुंबईत ओळखली जात होती. चित्रीकरणाच्या वेळी ती पडली, जखमीही झाली. दृश्य मात्र चित्रपटात राहिले. तिचे नाव शुभा खोटे.

हे नाव आज आपल्या पिढीला लगेच आठवत नाही. आठवतो तो मेहमूद. हिंदी विनोदाचा इतिहास लिहिताना मेहमूद यांना स्वतंत्र प्रकरण मिळते आणि शुभा खोटे यांना त्यातील एक वाक्य. ते वाक्य थोडे लांबवण्यासाठी हा धागा.

शुभाताईंचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ चा. वडील नंदू खोटे मूकपटांचे आणि मराठी रंगभूमीचे नट. 'अयोध्येचा राजा'च्या दुर्गाबाई खोटे या नात्याने काकू. धाकटा भाऊ विजू खोटे. 'शोले'तील कालिया म्हटले की त्यांची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. चौथ्या वर्षीच शुभाताई रंगमंचावर उभ्या राहिल्या. पुढे विल्सन महाविद्यालयात शिक्षण झाले आणि १९५२ ते १९५५ ही वर्षे खेळाच्या मैदानावर गाजली. नाट्यघराण्याचा वारसा सगळे चरित्रकार सांगतात. पण त्यांच्या विनोदाचे खरे भांडवल बहुधा त्या मैदानातच सापडेल.

हे समजण्यासाठी त्या काळातील स्त्री-विनोदाकडे पाहावे लागते. १९५० च्या 'बाबुल'पासून उमादेवी, म्हणजेच टुणटुण, पडद्यावर हशा पिकवू लागल्या होत्या. त्या उत्तम गायिका होत्या, विनोदाची जाणही पक्की होती. परंतु पटकथा लिहिणाऱ्यांना त्यांच्यात लठ्ठपणाखेरीज फारसे काही दिसले नाही. मनोरमा यांच्या वाट्यालाही पुढे खाष्ट, थुलथुलीत बायका आल्या. स्त्रीने हसवायचे तर तिच्या देहाकडे बोट दाखवूनच, असा जणू अलिखित नियम होता. शुभा खोटे या नियमात बसत नव्हत्या. सडपातळ, चपळ, नायिकेच्या वयाची आणि नायिका शोभेल अशी मुलगी. तिचा विनोद देहाच्या आकारातून नव्हे, हालचालीतून आणि वेळ साधण्यातून येत होता.

'सीमा'चे दिग्दर्शक अमिय चक्रवर्ती. त्या चित्रपटाने नूतन यांना पहिले फिल्मफेअर पारितोषिक मिळवून दिले आणि शुभाताईंना पहिली ओळख. चक्रवर्तींच्याच 'देख कबीरा रोया'मध्ये (१९५७) त्या तीन नायिकांपैकी एक होत्या. तिन्ही मुलींच्या आवडी वेगळ्या, तिन्ही तरुण त्या आवडींचे सोंग आणणारे. हलकाफुलका, नेटका चित्रपट. त्याच वर्षी चक्रवर्ती गेले. त्याच वर्षीच्या 'पेइंग गेस्ट'मध्ये शुभाताईंनी नायिकेच्या संसारात विष कालवणारी मैत्रीण रंगवली. म्हणजे विशीत असतानाच नायिका, खलनायिका आणि साहाय्यक अशा तिन्ही भूमिका त्यांच्या खात्यावर जमा होत्या. पुढचा मार्ग कोणताही असू शकला असता.

मार्ग ठरला तो १९५९ च्या 'छोटी बहन'ने. येथे थोडे दक्षिणेकडे जावे लागेल. एल. व्ही. प्रसाद यांचा हा चित्रपट 'एन तंगै' या तमिळ चित्रपटावरून घेतलेला. 'ससुराल' (१९६१) तेलुगू 'इल्लरिकम'वरून, 'दिल तेरा दीवाना' (१९६२) तमिळ 'सबाश मीना'वरून. मद्रासच्या निर्मात्यांनी या वर्षांत हिंदीत कौटुंबिक चित्रपटांचा धडाकाच लावला होता आणि त्यांबरोबर एक रचनाही आणली : मुख्य कथा रडवणारी, आणि तिच्या कडेने चालणारी स्वतंत्र विनोदी प्रेमकथा. तमिळमध्ये एन. एस. कृष्णन आणि टी. ए. मधुरम या जोडप्याने ही परंपरा कळसाला नेली होती. लक्षात घ्या, तेथे दोघांचीही नावे घेतली जातात.

मराठी प्रेक्षकाला ही रचना परकी नव्हती. ज्यांच्या नावाने ठाण्याचे गडकरी रंगायतन उभे आहे, त्या राम गणेश गडकऱ्यांनी 'एकच प्याला'त सिंधूच्या शोकांतिकेशेजारी तळीरामाचे मद्यपी मंडळ बसवले होते. 'भावबंधन'मध्ये धुंडिराज, कामण्णा आणि महेश्वर यांची धमाल आहे. या उपकथानकांत हसवण्याचे काम प्रामुख्याने पुरुषांकडे. आज त्याच रंगायतनात, कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात किंवा डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात विनोदी अभिनेत्रीच्या नावावर तिकिटे खपू शकतात. निर्मिती सावंत यांचे 'जाऊ बाई जोरात' आठवावे. १९५९ मध्ये अशी कल्पनाही कोणी केली नसती.

'छोटी बहन'पासून एक त्रिकूट जमले : मेहमूद, शुभा खोटे आणि धुमाळ. धुमाळही मराठी रंगभूमीवरून आलेले. साचा ठरलेला होता. धुमाळ म्हणजे हटवादी बाप, मेहमूद म्हणजे त्याला नकोसा प्रियकर, आणि शुभा म्हणजे प्रियकराच्या कारस्थानात सामील होऊन बापाला गंडवणारी मुलगी. 'ससुराल', 'दिल तेरा दीवाना', 'जिद्दी' (१९६४), 'लव्ह इन टोकिओ' (१९६६) असा हा प्रवास चालला. शेवटच्या चित्रपटात तर मेहमूद जपानी गेशाचे सोंग घेतात.

आता असे सोंग कोणामुळे हसवते, याचा विचार करावा. मेहमूद यांचा अभिनय पसरणारा, उधळणारा. असा नट समोर असताना जोडीदाराने त्याच्याइतकेच उधळले तर दृश्य कोसळते आणि नुसते उभे राहिले तर दृश्य एकट्याचे होते. शुभाताई मधली जागा पकडतात. मेहमूद यांचे वाक्य संपण्यापूर्वी त्यांचा चेहरा बदलू लागतो, पण शब्द मात्र वाक्य संपल्यावरच येतो. नाटकवाले याला टायमिंग म्हणतात. खेळाडूला ते निराळे शिकवावे लागत नसावे. हे दृश्य पाहताना एकदा मेहमूद यांच्याकडे न पाहता केवळ त्यांच्याकडे पाहावे. कष्टाची वाटणी किती समसमान होती, हे कळते.

श्रेयाची वाटणी मात्र तशी झाली नाही. १९६२ च्या फिल्मफेअर पारितोषिकांत साहाय्यक अभिनेत्रीच्या नामांकनांत शुभाताईंचे नाव एकाच वर्षी दोनदा होते, 'घराना'साठी आणि 'ससुराल'साठी. पारितोषिक 'छाया'मधील निरूपा रॉय यांना मिळाले. अश्रूंपुढे हशा हरला, असे म्हणायचा मोह होतो. पुढच्याच वर्षी 'दिल तेरा दीवाना'साठी मेहमूद साहाय्यक अभिनेता ठरले. विनोदी भूमिकेसाठी स्वतंत्र पारितोषिक १९६७ मध्ये सुरू झाले आणि 'प्यार किए जा'साठी तेही मेहमूद यांना मिळाले. तोवर शुभाताईंचा विनोदी नायिकेचा बहर ओसरत आला होता. ज्या कामासाठी त्या ओळखल्या गेल्या, त्या कामाला पारितोषिकांच्या यादीत त्यांच्या भरात स्वतंत्र रकानाच नव्हता. नोंदीचे सांगायचे तर, अनेक सूच्यांत त्यांचे नाव 'शोभा खोटे' असे आढळते. शोध घेणाऱ्यांनी दोन्ही नावांनी शोधावे.

जोडीचे यश हा पिंजराही होता. एकदा 'मेहमूदबरोबरची मुलगी' असा शिक्का बसल्यावर 'देख कबीरा रोया'सारखी भूमिका पुन्हा मिळणे अवघड झाले. पुढे मेहमूद यांच्या जोडीला अरुणा इराणी आल्या. पुरुष विनोदवीर त्याच जागी राहतो, वय वाढते तसा मोठाच होतो; शेजारची मुलगी बदलली जाते.

शुभाताई मात्र थांबल्या नाहीत. १९६८ मध्ये त्यांनी 'चिमुकला पाहुणा' या मराठी चित्रपटाची निर्मिती केली आणि दिग्दर्शनही स्वतःच केले. मराठीत त्या काळी दिग्दर्शिका बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, तरी त्यांच्या चरित्रातील ही नोंद बहुतेक ठिकाणी अर्ध्या ओळीत उरकली जाते.

१९८१ मध्ये के. बालचंदर यांच्या 'एक दूजे के लिए'ने त्यांना अगदी उलट्या टोकाला नेले. येथे त्या सपनाच्या कठोर आई आहेत. मुलीच्या प्रियकराचे छायाचित्र त्या जाळतात, आणि मुलगी ती राख चहात कालवून पिते. पूर्वी बापाला गंडवणारी मुलगी आता स्वतः दाराला कडी घालणारी झाली होती. ज्यांनी 'ससुराल' पाहिला होता त्यांना हा बदल अधिक बोचला असेल.

१९९३ मध्ये दूरदर्शनवर 'जबान संभालके' आली. 'माइंड युवर लँग्वेज' या ब्रिटिश मालिकेवर बेतलेली. पंकज कपूर हिंदीचे शिक्षक, वर्गात नाना प्रांतांचे आणि देशांचे विद्यार्थी, आणि संस्थेच्या करड्या प्रमुख मिस दीक्षित म्हणजे शुभा खोटे. वर्गात गोंधळ टिपेला पोहोचला की दार उघडायचे आणि त्या उभ्या असायच्या. आता हशा थांबवण्याचे काम त्यांच्याकडे होते, आणि त्या आत आल्या की तो वाढायचा. बाकांवर बसलेल्या विद्यार्थ्यांत एक विजू खोटेही होते.