ई.टी.ची बखर आणि ई.टी.चा कागद

निवृत्तीनंतर मला लागलेला व्हिडिओ गेमचा छंद आता सगळ्या गोतावळ्याला ठाऊक झाला आहे. खेळ जुना असो की नवा, हाती आला की आधी तो खेळायचा आणि मग वहीत त्याचं परीक्षण लिहायचं, असा माझा शिरस्ता. वहीच्या पानाला दोन रकाने. डावीकडे ‘लोक काय म्हणतात’ आणि उजवीकडे ‘मला खेळताना काय दिसलं’. जन्मभर इतिहास शिकवला, त्याचा परिणाम, दुसरं काय! बखर वेगळी आणि अस्सल कागद वेगळा, हे इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला तेव्हापासून आपल्याकडे शिकवलं जातं. जुन्या खेळांच्या बाबतीत खुद्द खेळ हाच अस्सल कागद, असं माझं मत आहे.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या अटारी कंपनीचा १९८२ सालचा ‘ई.टी.’ हा खेळ.

आधी डावा रकाना. बखर अशी आहे: ई.टी. हा जगातला सर्वांत वाईट व्हिडिओ गेम. तो इतका वाईट होता, की त्याच्यापायी अमेरिकेतला सगळा खेळांचा धंदा बुडाला. मग कंपनीने लाजेकाजेस्तव लाखो कॅसेट रातोरात वाळवंटात पुरल्या आणि वरून काँक्रीट ओतलं. (कॅसेट म्हणजे गाण्यांची नव्हे. यंत्रात खुपसायची ती खेळाची डबी. आपल्याकडेही मुलं तिला कॅसेटच म्हणत.)

गोष्ट चटकदार आहे. म्हणूनच तीस वर्षं तोंडोतोंडी चालली.

आता कागद बघू. स्पीलबर्गचा सिनेमा जून १९८२ मध्ये आला आणि तुफान चालला. अटारी तेव्हा वॉर्नर कम्युनिकेशन्सच्या मालकीची होती. सिनेमावरून खेळ काढायचे हक्क मिळवण्याची बोलणी जुलैअखेरपर्यंत लांबली. हक्कांची किंमत दोन कोटी डॉलरच्या वर गेली, असं तेव्हापासून सांगितलं जातं. नाताळात माल दुकानात हवा, म्हणजे खेळ सप्टेंबरच्या सुरुवातीला तयार हवा. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या तरुण प्रोग्रामरला हाताशी मिळाले जेमतेम पाच आठवडे. एरवी अशा कामाला कित्येक महिने लागत. याच माणसाने त्याआधी ‘यार्स रिव्हेंज’ हा नावाजलेला खेळ केला होता, म्हणजे गडी कच्चा नव्हता.

ज्या यंत्रासाठी खेळ करायचा त्याची स्मरणशक्ती किती? १२८ बाइट! आजच्या संगणकात देवनागरीचं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. म्हणजे त्या यंत्राच्या स्मृतीत आपली बेचाळीस चिन्हं मावली असती, एक धड वाक्यसुद्धा नाही. अख्खा ई.टी. आठ किलोबाइटच्या कॅसेटमध्ये बसवलेला आहे. तुम्ही वाचताय तो हा लेखसुद्धा त्यात मावणार नाही.

उजव्या रकान्यासाठी मी तो खेळले. इंटरनेट अर्काइव्हच्या संग्रहात तो संगणकावर खेळता येतो. ई.टी.ला घरी जायचं आहे. त्यासाठी फोनचे तीन तुकडे शोधायचे, घरी फोन लावायचा आणि यान येईल त्या जागी वेळेत पोचायचं. तुकडे खड्ड्यांत पडलेले, आणि दर डावाला जागा बदलतात. सुरुवातीला शक्ती ९९९९, पण हललं की ती घटते. एक सरकारी माणूस तुकडे हिसकावतो, एक शास्त्रज्ञ उचलून वॉशिंग्टनला नेतो, आणि एलियट हा छोटा मुलगा मदतीला येतो.

पहिले चार डाव माझे खड्ड्यातच गेले. मान लांब करून वर यावं, तर लगेच परत खाली! कारण पाय खड्ड्याबाहेर असले तरी नुसतं डोकं काठाला लागलं की यंत्राच्या लेखी तुम्ही पडलात. हा दोष खराच आहे. मात्र माहितीपुस्तिका वाचून पुन्हा बसले, तेव्हा पडद्याच्या वरच्या कडेला दिसणाऱ्या चिन्हांचा अर्थ लागला. कुठे फोन लागेल, कुठे यान येईल, हे तीच सांगतात. त्यानंतर दोन दिवसांत ई.टी.ला घरी पोचवलं. २०१३ साली एका हौशी माणसाने मूळ प्रोग्राममधले मोजके बाइट बदलून खड्ड्यांचा दोष दुरुस्त करून दाखवला. थोडक्यात, मूळ कल्पना चांगली, घाई फार. माझे दहापैकी साडेपाच गुण. सर्वांत वाईट? छे! याहून रद्दी खेळ माझ्या वहीत डझनभर आहेत.

मग धंदा का बुडाला? १९७९ मध्ये अटारीतलेच काही प्रोग्रामर बाहेर पडले आणि त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली. त्यांचं पाहून पुढे जो तो अटारीच्या यंत्रासाठी कॅसेट काढू लागला आणि दुकानं सुमार मालाने भरली. १९८२ च्या मार्चमध्ये आलेल्या अटारीच्या ‘पॅक-मॅन’ने लाखो गिऱ्हाइकं आधीच नाराज केली होती. त्यातच कमोडोर ६४ सारखे घरगुती संगणक आले. ७ डिसेंबर १९८२ ला वॉर्नरने नफ्याचा अंदाज एकदम खाली आणला आणि दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे एक तृतीयांशाने कोसळला. कंपनीने ई.टी.च्या चाळीसेक लाख कॅसेट काढल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक पडून राहिल्या किंवा परत आल्या, हे खरं. पण इतक्या काढायचा निर्णय वॉरशॉचा नव्हता.

राहिली कबर. सप्टेंबर १९८३ मध्ये टेक्सासच्या एल पासो इथून ट्रक निघाले आणि न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत माल पुरला गेला. रातोरात गुपचूप कसला, तेव्हाच्या वर्तमानपत्रांत बातमी आहे! तरी पुढे लोक ती दंतकथाच समजू लागले. २६ एप्रिल २०१४ ला एका माहितीपटासाठी तिथे खणलं, तेव्हा सुमारे तेराशे कॅसेट वर काढल्या. त्यांत ई.टी. होताच, पण ‘सेंटिपीड’, ‘मिसाइल कमांड’ असे चांगले खपलेले खेळही होते. मिळून पन्नासहून जास्त. पुरण्याचं काम ज्याच्याकडे होतं त्या अधिकाऱ्याने एकूण आकडा सांगितला ७ लाख २८ हजार, आणि तोही सगळ्या खेळांचा मिळून. गोदाम रिकामं केलं, इतकंच. लाजेचं दफन वगैरे बखरकारांची भर.

वॉरशॉ त्या दिवशी तिथे होता. इतकी वर्षं ‘याने धंदा बुडवला’ हे ऐकलेला माणूस. अटारी सुटल्यावर बऱ्याच वर्षांनी तो मानसोपचारतज्ज्ञ झाला आणि सिलिकॉन व्हॅलीतल्या लोकांची मनं सांभाळू लागला. मला आपली शाळा आठवते. सहामाहीत एका विषयात नापास झालेल्या मुलाला कुणीतरी ‘ढ’ म्हणतं, आणि मग दहावीपर्यंत प्रत्येक जण पेपर न बघताच तेच म्हणतो. मुलाला ताप होता, पुस्तक उशिरा मिळालं, हे प्रगतिपुस्तकात लिहिलेलं नसतं.

आणि पेपरच शिल्लक नसला तर? २०२३ साली व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात विकत मिळत नव्हते. ई.टी. बदनाम म्हणून टिकला. जे नुसतेच बरे होते, त्यांची बखरसुद्धा कुणी लिहिलेली नाही.

म्हणून घरातल्या पोरांना माझं एकच सांगणं आहे. नव्या खेळांना तुम्ही खुशाल शिव्या द्या, गुणही द्या, पण आधी माहिती वाचून निदान चार डाव खेळा. आणि माळ्यावर जुन्या कॅसेटांचं खोकं असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी मला फोन करा. मी येऊन घेऊन जाईन.