दगड सापडला, पण कुठे?



माझ्या लॅपटॉपवर 'दगड 17' नावाचा एक फोटो आहे. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी काढलेला. कल्याण तालुक्यातलं एक गाव, रस्त्याच्या कडेला पिंपळ, आणि त्याखाली उभा असलेला वीरगळ. कंबरेएवढा, शेंदराने माखलेला, पण खालच्या चौकटीतली तलवार स्पष्ट दिसते. फोटो छान आलाय. आणि संशोधनाच्या दृष्टीने तो जवळपास निरुपयोगी आहे.

का, ते सांगते. त्या दिवशी मी रिक्षा करून सहा-सात गावं फिरले, चाळीसेक फोटो काढले आणि वहीत एक ओळही लिहिली नाही. बॅटरी वाचवायला फोनचं लोकेशन बंद ठेवलं होतं. आठ महिन्यांनी गाइड सरांनी विचारलं, "हा कुठला?" मी दोन गावांची नावं घेतली. सर म्हणाले, "एक दगड दोन गावांत कसा असेल?"

पुन्हा गेले. एका गावात रस्ता रुंद झाला होता. पिंपळ नाही, दगडही नाही. दुसऱ्या गावात एक आजोबा म्हणाले, "असा दगड इथे नव्हताच." शेजारच्या काकू म्हणाल्या, "होता की, देवळामागे." आजतागायत मला उत्तर मिळालेलं नाही.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय आणि आता कोरीव बेसॉल्ट उघड्यावर कसा झिजतो यावर काम करते. लॅबमध्ये लेबल नसलेली बाटली आपण वापरत नाही, हे पहिल्या वर्षापासून पाठ असतं. रस्त्यावरच्या शिल्पालाही तोच नियम लागतो, हे मात्र मला एक दगड हरवल्यावर कळलं. आजचा लेख त्यावरच आहे: शिल्पाची जागा हा शिल्पाइतकाच पुरावा असतो.

जुनी 'पब्लिक आर्ट'

रस्त्यावरची कला म्हटलं की आपल्याला चौकातले पुतळे, उड्डाणपुलाखालची चित्रं आठवतात. पण ठाणे-कल्याण पट्ट्यात ही गोष्ट किमान हजार वर्षं जुनी आहे. शिलाहारांच्या काळात ठाणे म्हणजे श्रीस्थानक ही त्यांची राजधानी. त्या काळापासूनचे दोन प्रकारचे दगड तुम्हाला या भागात भेटू शकतात.

पहिला वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या माणसाचं स्मारक. तो खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा वीराला स्वर्गात नेताना, वर तो शिवलिंगाची पूजा करताना.

दुसरा गद्धेगाळ, म्हणजे दानाची जाहीर नोटीस. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर हे दान टिकेल. मधे लेख. खाली गाढव आणि स्त्री यांचं दृश्य. दान मोडणाऱ्याला त्याच्या आईवरून दिलेली ती दगडातली शिवी आहे. ज्याला लेख वाचता येत नाही, त्यालाही चित्र कळावं अशी सोय. कल्याणहून जवळ, भिवंडी तालुक्यात लोनाडपाशी चौधरपाडा आहे. तिथला केशीदेव शिलाहाराचा दानलेख शके 1161 चा, म्हणजे तेराव्या शतकातला.

आता विचार करा. 'हे गाव दान दिलं आहे' असं सांगणारा दगड त्या गावातून उचलून दुसरीकडे ठेवला, तर तो काय सांगेल? अक्षरं तीच राहतील, पण त्यांनी दाखवलेली जमीन कुठली, हे कळायचा एक आधार जाईल.

जागेवर असलेला लेख: अंबरनाथ

कल्याणहून कर्जतच्या लोकलने अंबरनाथला उतरलात, तर शिवमंदिर फार लांब नाही. मंदिरावर एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला तेव्हा शक 782 असा लावला, म्हणजे इ.स. 860. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो 982 असा वाचला, म्हणजे इ.स. 1060. आज हीच तारीख मानली जाते, आणि ती शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळाशी जुळते. एका आकड्याने दोनशे वर्षं इकडची तिकडे झाली.

भगवानलाल हे कित्येक वर्षं भाऊ दाजींचेच सहायक होते. म्हणजे मोठ्या माणसाचं वाचन त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाने दुरुस्त केलं. हे शक्य झालं, कारण लेख मंदिरावरच होता. कुणीही जाऊन पुन्हा पाहू शकत होतं. आपण विज्ञानात 'प्रयोग पुन्हा करता आला पाहिजे' म्हणतो, ते हेच.

जागेवरून बांधलेला अंदाज: एकसर

दुसरं उदाहरण बोरिवलीजवळच्या एकसरचं. आज हा मुंबई उपनगराचा भाग, पण 1920 साली उपनगर जिल्हा वेगळा होण्याआधी साष्टी बेट ठाणे जिल्ह्यातच होतं. म्हणून एकसरची माहिती 1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये सापडते. (टीप: जुने संदर्भ शोधताना आजच्या जिल्ह्याच्या सीमा विसरा!) तिथे रांगेने उभ्या वीरगळांचं वर्णन आहे. काहींवर हत्ती आणि सैनिक, काहींवर चक्क वल्ह्यांची जहाजं आणि समुद्रावरची लढाई.

लढाई कोणती, हे दगड सांगत नाहीत. हेमाद्रीच्या प्रशस्तीत मात्र असं येतं की यादव महादेवाने शिलाहार सोमेश्वराला हरवलं आणि सोमेश्वर समुद्रात बुडाला. ही घटना इ.स. 1265 च्या सुमाराची. म्हणून अनेक अभ्यासक हे वीरगळ त्या युद्धाशी जोडतात. याला अनुमान म्हणायचं, सिद्धता नाही. पण ते अनुमान ज्या आधारांवर उभं आहे ते बघा: जहाजांचं कोरीवकाम, एक ग्रंथ, आणि दगड समुद्राजवळ एकत्र रांगेत उभे असणं. यातला तिसरा आधार कुणी मोजून ठेवला नसता, तर बाकी दोन बरेच लंगडे पडले असते.

चौकातला पुतळासुद्धा

हे फक्त जुन्या दगडांचं आहे असं समजू नका. गेटवे ऑफ इंडियासमोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आपण सगळ्यांनी पाहिलाय. तो घडवला कल्याणच्या सदाशिव ऊर्फ भाऊ साठे (1926–2021) यांनी, आणि त्याचं अनावरण झालं 26 जानेवारी 1961 रोजी. त्याआधी तिथे पंचम जॉर्जचा पुतळा होता. 1911 मध्ये हा राजा मुंबईत उतरला, त्याची आठवण म्हणून तर गेटवे बांधला. आता साठ्यांचा पुतळा नुसता 'उत्तम ब्रॉन्झ' म्हणून पाहा, आणि मग 'राजाच्या जागी उभा केलेला' म्हणून पाहा. दुसऱ्या वेळी जे दिसतं, ते जागेमुळे दिसतं.

मग करायचं काय?

माझ्या चुकीतून तयार झालेली यादी देते:

1. आधी लांबून फोटो, मग जवळून. लांबच्या फोटोत झाड, विहीर, देऊळ, दुकानाची पाटी असं काहीतरी ओळखीचं यायला हवं.
2. लोकेशन चालू ठेवा, तरीही गाव-पाडा-तारीख वहीत लिहा. फोन बदलतो, वही राहते.
3. दगडाचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते नोंदवा. फोटोत मोजपट्टी ठेवा. नसेल तर पेनसुद्धा चालेल.
4. शेंदूर खरवडू नका, खडूने रेषा गिरवू नका, पाणी ओतू नका. शेंदूर म्हणजे बहुतेकदा तेलात कालवलेलं शिशाचं ऑक्साइड. ते काढायचं काम तज्ज्ञांचं, आणि गावासाठी तो देव आहे हे विसरू नका.
5. किमान दोन म्हाताऱ्या माणसांना विचारा: "हा आधीपासून इथेच आहे का?" दोघांची उत्तरं वेगळी आली तर दोन्ही लिहा.
6. रस्त्याचं किंवा इमारतीचं काम जवळ आलेलं दिसलं, तर राज्याच्या पुरातत्त्व विभागाला फोटोसकट लेखी कळवा.

यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत रस्ते आणि इमारती ज्या वेगाने वाढताहेत, त्यात पुढच्या काही वर्षांत कुठला दगड हलेल हे आपल्या हातात नाही. तो हलण्याआधी कुठे होता, एवढं लिहून ठेवणं मात्र आहे.

'दगड 17' मी डिलीट केलेला नाही. माझ्या तक्त्यात त्याच्या 'स्थळ' या रकान्यात 'अनिश्चित' असं लिहिलंय. तुमच्या तक्त्यात हा शब्द जितका कमी येईल तितकं बरं. शंका असतील तर नक्की विचारा.