प्राणिध्वनींचे अनुकरण
पशुपक्ष्यांच्या आवाजाची भाषेतील नक्कल. आवाज तोच, पण प्रत्येक भाषा तो आपल्या वर्णांत बसवते. भांडुपसारख्या बहुभाषिक उपनगरात मराठी घरातला कोंबडा ‘कुकूचकू’ करतो, हिंदीतला ‘कुकडूँ कूँ’, तमिळमधला ‘कोक्करक्को’. लगतच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पावसाच्या तोंडावर ओरडणारा पावशा मराठी शेतकऱ्याला ‘पेर्ते व्हा’ सांगतो, हिंदीत ‘पी कहाँ’ विचारतो, बंगालीत ‘चोख गेलो’ म्हणत डोळ्यांसाठी रडतो. इंग्रजांना त्यात ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू आला. येथे नक्कल थोडी, ऐकणाऱ्याच्या मनातलेच जास्त. मराठीची खरी श्रीमंती क्रियापदांत: गाय हंबरते, म्हैस रेकते, घोडा खिंकाळतो, कबूतर घुमते. मांजराचे ‘म्याव’ मात्र अनेक भाषांत जवळपास सारखेच. चिनी भाषेत तर मांजराचे नावच ‘माव’ आहे.