सूर्य ते कुलाबा: साडेसतरा तास

1 सप्टेंबर 1859, दुपारी 4.09, मुंबईची वेळ. तिकडे इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यडागांचं चित्र काढत होते. डागांच्या घोळक्यावर अचानक पांढरे ठिपके लखलखले आणि पाचेक मिनिटांत विझले. हा उजेड सव्वाआठ मिनिटांत पृथ्वीवर पोचला होता. खरा तडाखा मागून येत होता.

रात्र. विद्युतभारित वायूचा अवाढव्य ढग, स्वतःचं चुंबकीय क्षेत्र सोबत घेऊन, सेकंदाला सरासरी 2300 किलोमीटरहून अधिक वेगाने निघालेला. एरवी या वाटेला दोन-तीन दिवस लागतात.

2 सप्टेंबर, सकाळी पावणेदहाच्या आसपास. ढग पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळला. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत लोहचुंबक टांगलेले असत, त्यांच्या हालचाली दुर्बिणीतून मोजपट्टीवर वाचायच्या आणि वहीत उतरवायच्या.

अकराच्या सुमारास. कुलाब्यात मोजलेलं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी कोसळलं. रोजचा चढउतार शंभराच्या आतला! मोजपट्टीवरची नजर न हटवता दर काही मिनिटांनी आकडा टिपणाऱ्या त्या माणसांमुळेच आज जगाला या वादळाची ताकद कळते. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

मुंबईत भर दिवस होता, म्हणून आकाशात काही दिसलं नाही. जिथे रात्र होती तिथे, थेट क्युबापर्यंत, ध्रुवीय प्रकाशाने आभाळ पेटलं. चुंबकीय कवचात साठलेली ऊर्जा मोकळी झाली की इलेक्ट्रॉन वातावरणात घुसतात. शंभरेक किलोमीटरवर ऑक्सिजन हिरवा उजळतो, दोनशेच्या वर लाल. लाल प्रकाश सोडायला ऑक्सिजनच्या अणूला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. खालच्या दाट हवेत तेवढ्या वेळात तो दुसऱ्या कणावर आपटतो आणि प्रकाश निघतच नाही. म्हणून लाली उंचावरच असते, आणि उंच असल्यामुळे दूरवरूनही दिसते.

मुंबईच्या घड्याळात संध्याकाळ. तिकडे अमेरिकेत बोस्टन-पोर्टलंड तारयंत्रं बॅटरी काढून, निव्वळ तारांत शिरलेल्या विजेवर चालली.

साडेबारा वर्षांनी अशाच दुसऱ्या वादळाने मुंबईची रात्र गाठली. 4 फेब्रुवारी 1872, रविवार: सूर्यास्तानंतर मुंबईत ध्रुवीय प्रकाश दिसला, मुंबई-एडन समुद्री तार विस्कळीत झाली. बीड जिल्ह्यातलं आष्टीही जवळपास मुंबईच्याच अक्षांशावर, साधारण 18.8 अंशांवर; म्हणजे तिथूनही तो प्रकाश दिसला असू शकतो. तेव्हा हा मुलूख निजामाचा, आणि दिवस रब्बी ज्वारीच्या राखणीचे. रानात माणसं असणारच. जुन्या निजामी दफ्तरांत, गावच्या बखरींत त्या रात्रीच्या लाल आभाळाची एखादी ओळ कुणीतरी शोधायला हवी. ती सापडली, तर कुलाब्याच्या आकड्यांशेजारी ठेवण्याच्या मोलाची असेल.