सल्लागाराचा पगार आणि पाव तिकीट

आपल्याकडे सल्ला फुकट मिळतो अशी सर्वांची समजूत आहे. गुडघा दुखतो म्हणून पारावर नुसते सांगून बघा, पाच मिनिटांत सात उपाय मिळतील आणि एकाचेही पैसे द्यावे लागणार नाहीत. सरकारचे मात्र तसे नाही. सरकारला सल्ला विकत घ्यावा लागतो, आणि ते पैसे ज्याच्या खिशातून जातात त्याला बहुधा त्याचा पत्ताही नसतो. ही गोष्ट आजकालची नाही, चांगली दीडशे वर्षांची जुनी आहे. मी शाळेत इतिहास शिकवत असे तेव्हा भारतमंत्री आणि त्याचे पंधरा जणांचे मंडळ एवढाच काय तो उल्लेख यायचा. मुले तो पाठ करत आणि पुढे जात. त्या पंधरा जणांचा हिशेब आज जरा मांडावा म्हणतो.

१८५७ चा उठाव मोडल्यावर कंपनीचे राज्य गेले आणि राणीचे आले. १८५८ च्या कायद्याने लंडनमध्ये भारतमंत्री हे पद निर्माण झाले आणि त्याला सल्ला देण्यासाठी पंधरा सभासदांचे 'इंडिया कौन्सिल' नेमले गेले. प्रत्येकाला वर्षाला १२०० पौंड पगार. पूर्ण पंधरा जण धरले तर वर्षाचे १८,००० पौंड झाले. हे पैसे कोणी द्यायचे? कायद्यातच लिहिले होते की हिंदुस्थानच्या महसुलातून! म्हणजे आपल्या शेतसाऱ्यातून आणि मिठावरच्या करातून. ज्यांना आपण नेमले नाही, ज्यांना कधी पाहिलेही नाही, त्यांच्या सल्ल्याची फी आपण भरत होतो. खुद्द भारतमंत्र्याचा पगारही आपणच देत होतो. कॅनडा-ऑस्ट्रेलियासारख्या वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या मंत्र्याचा पगार मात्र ब्रिटिश तिजोरीतून जाई.

यात आणखी एक गोम होती. पगार पौंडात आणि वसुली रुपयात. सुरुवातीला पौंडाला साधारण दहा रुपये पडत. पुढे चांदी घसरली आणि शेवटी १८९९ च्या सुमारास पौंडाला पंधरा रुपये हा दर ठरला. लंडनमधल्या साहेबाचा पगार एका पेनीनेही वाढला नाही, पण इथल्या शेतकऱ्याच्या डोक्यावरचा तोच बोजा दीडपट झाला. एक लाख ऐंशी हजारांचे दोन लाख सत्तर हजार! त्रैराशिक शिकवताना हे उदाहरण मी मुद्दाम घालत असे. मुलांना गणितापेक्षा राग लवकर कळतो.

एकदा पैसे विचारल्याशिवाय घ्यायची सवय लागली की ती पगारावर थांबत नाही. १८६७ साली तुर्कस्तानचा सुलतान लंडनला पाहुणा म्हणून आला. त्याच्यासाठी इंडिया ऑफिसमध्ये मोठा नाचाचा समारंभ झाला. पाहुणा तुर्कस्तानचा, यजमान इंग्लंड, आणि बिल हिंदुस्थानच्या नावावर! त्याच्या आदल्याच वर्षी ओरिसात दुष्काळाने लाखो माणसे मेली होती.

या सगळ्याबद्दल प्रश्न कोणी विचारले? १८८५ च्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. त्यातला दुसराच ठराव असा होता की हे इंडिया कौन्सिल बरखास्त करा, बाकीच्या सुधारणांच्या आधी हे करा. त्या काळच्या वकील-शिक्षक मंडळींना घाव कुठे घालायचा हे नेमके कळले होते. पुढे १८९५ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी वेल्बी कमिशन नेमले गेले. दादाभाई नौरोजी त्याचे सभासद होते. १८९७ साली त्या कमिशनपुढे साक्ष द्यायला पुण्याच्या डेक्कन सभेतर्फे गोपाळ कृष्ण गोखले गेले. वय तिशीचे. दादाभाई एकेकाळी एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवत आणि गोखल्यांनी शाळेसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिले होते. साम्राज्याचा जमाखर्च तपासायला हे दोन मास्तर बसले, याचा मला मास्तर म्हणून आजही अभिमान वाटतो.

प्रश्न विचारण्याचा हक्कसुद्धा तुकड्यातुकड्याने मिळाला. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळातल्या सभासदांना अर्थसंकल्पावर बोलण्याची आणि प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. पण मतदान नाही, आणि उत्तर टाळाटाळीचे आले तरी उलटप्रश्न नाही. उलटप्रश्न, म्हणजे आपण ज्याला उपप्रश्न म्हणतो तो, १९०९ च्या कायद्याने आला, आणि तोही मूळ प्रश्न विचारणाऱ्यालाच. तरीसुद्धा गोखल्यांनी १९०२ च्या आपल्या पहिल्या अर्थसंकल्पी भाषणात सरकारला अडचणीत आणले. देश दुष्काळ आणि प्लेगने पिचलेला असताना सरकारी तिजोरीत दरवर्षी शिल्लक पडते, तर ही शिल्लक भरभराटीची नसून जादा कराची आहे, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. १९०३ मध्ये मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. भारतमंत्र्याचा पगार ब्रिटिश तिजोरीवर जायला १९१९ चा कायदा यावा लागला, आणि इंडिया कौन्सिल गेले ते १९३७ मध्ये. म्हणजे ठरावापासून बावन्न वर्षांनी. आणि गंमत अशी, की कौन्सिल गेले तरी त्याच्या जागी भारतमंत्र्याला नेमून दिलेल्या मंडळींचे कायद्यातले नाव होते 'सल्लागार'!

हा झाला सरकारी खर्चाचा एक प्रकार, ज्यात पैसे आधी जातात आणि विचारपूस पन्नास वर्षांनी होते. दुसरा प्रकार अगदी उलटा. त्यात रुपया न् रुपया चौकशी करून, कागद मागून दिला जातो. त्याचे उदाहरण आपल्या एसटीच्या तिकिटात आहे.

१ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. तेव्हापासून तिच्यात सवलतींची एकेक भर पडत गेली. आज पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. ही योजना ऑगस्ट २०२२ मध्ये आली. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. अपंगांना, म्हणजे आता ज्यांना दिव्यांग म्हणतात त्यांना, ७५ टक्के सवलत आहे. म्हणजे पाव तिकीट. या सवलतींचे पैसे राज्य सरकारने महामंडळाला भरून द्यायचे असतात.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले, कुबड्यांवर चालतो. आज पन्नाशीचा आहे, घड्याळदुरुस्ती करतो. आम्ही दोघे कधी कधी एकाच गाडीने तालुक्याला जातो. मी शहात्तर वर्षांचा, पेन्शन घेणारा, दोन पायांवर धडधाकट. मी आधार कार्ड दाखवले की शून्य रुपयांचे तिकीट. तो पाव तिकीट काढतो. त्याबद्दल त्याची तक्रार नाही. तक्रार कागदाची आहे. आधी हाती लिहिलेले प्रमाणपत्र होते. मग ते चालेना, ऑनलाइन प्रमाणपत्र आणा म्हणाले. मग युडीआयडी कार्ड आले. एका कार्यालयात त्याला पुन्हा तपासणीला यायला सांगितले तेव्हा तो मला म्हणाला, "सर, दर वेळी बघतात. पाय उगवून आलेत का ते बघत असतील."

मी हसलो नाही. तोही हसला नाही.

खोटी प्रमाणपत्रे असतात, तपासणी हवीच, हे मला मान्य आहे. पण कायद्याची भाषा पाहा. अपंगांसाठीचा पहिला सर्वंकष केंद्रीय कायदा १९९५ चा. त्यात बसगाड्या, रेल्वेचे डबे अपंगांना वापरता येतील असे करा, असे कलम होते. पण कसे? तर 'आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत'. २०१६ चा नवा कायदा आला, अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले, सार्वजनिक वाहने सुगम करण्याचे बंधन अधिक स्पष्ट झाले. तरी आमच्या गाडीची पायरी आहे तेवढीच उंच आहे. १८५८ च्या कायद्यात पंधरा सल्लागारांच्या पगारापुढे 'हिंदुस्थानच्या कुवतीप्रमाणे' असे शब्द कुठे नव्हते. कुवत फक्त दुबळ्याच्या बाबतीतच आठवते, असे का व्हावे?

आता कोणी म्हणेल, ते इंग्रजांचे झाले, आज आपले राज्य आहे. खरे आहे. पण सल्लागार आजही आहेत. रस्ता करायचा तर सल्लागार, पाण्याची योजना करायची तर सल्लागार. २०१५ मध्ये स्मार्ट सिटी योजना आली तेव्हा शहरांचे प्रस्ताव तयार करायलाही सल्लागार कंपन्या होत्या. सल्लागार नकोतच असे माझे म्हणणे नाही. पुलाचे गणित येणारा माणूस पैसे देऊन आणावाच. पण त्याला किती दिले, त्याने काय सांगितले आणि त्याचे पुढे काय झाले, हे तीन प्रश्न विचारायला नकोत का?

गोखल्यांना जो हक्क मिळाला नव्हता तो आज आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे. महाराष्ट्राने २००२ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा कायदा लागू झाला. त्यात 'माहिती'ची व्याख्या वाचण्यासारखी आहे. अभिलेख, करार, अहवाल यांच्या जोडीला 'सल्ला' हाही शब्द तिथे आहे! कलम ४ प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने अधिकाऱ्यांचे व कर्मचाऱ्यांचे मासिक वेतन आणि सवलती मिळवणाऱ्यांचा तपशील, दोन्ही आपणहून जाहीर करायचे आहे. सल्लागार हा पगारपत्रकावरचा कर्मचारी नसतो, म्हणून तो या यादीतून सहज निसटतो. त्याचा करार मागूनच घ्यावा लागतो. त्यात २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहितीविषयीच्या पोटकलमातला व्यापक जनहिताचा अपवाद काढून टाकला. दुसऱ्या एका पोटकलमात जनहिताची तरतूद शिल्लक आहे, पण नाव आणि रक्कम नाकारायला आता निमित्त सोपे झाले. म्हणून प्रश्न माणसाबद्दल नको, करार आणि खर्च यांबद्दल विचारावा.

महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय चालतो, आणि तोही दीडशे शब्दांत. म्हणून दोन अर्ज करावेत. पहिला आपल्या नगरपालिकेला किंवा जिल्हा परिषदेला: गेल्या तीन वर्षांत कोणकोणत्या कामांसाठी सल्लागार नेमले, प्रत्येकाची फी किती, त्यांनी दिलेल्या अहवालांच्या प्रती. दुसरा एसटी महामंडळाला: अपंगांच्या सवलतीपोटी गेल्या तीन वर्षांत सरकारकडून किती रक्कम येणे होती, किती आली, आणि आपल्या आगारात कुबडीवाल्याला किंवा चाकाच्या खुर्चीवाल्याला चढता येईल अशा गाड्या किती. प्रत्येक अर्जाला दहा रुपये. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर वीस रुपये भरून पहिले अपील करता येते.

दुसरा अर्ज मी आणि माझा विद्यार्थी मिळून लिहीत आहोत. अक्षर त्याचे, शुद्धलेखन माझे. पायरीचा मुद्दा त्याने सर्वांत वर घ्यायला लावला. पाव तिकिटाचे नंतर बघू, म्हणतो, आधी गाडीत चढू तर द्या.